दहा फोडींचा आठवडा

बडकस चौकात निखारेंच्या छापखान्यातून
पाव किलो चुकलेल्या लग्नपत्रिका आणल्या.
कुठे वधूच्या नावाची वेलांटी ऱ्हस्व पडलेली,
कुठे मुहूर्तच दुपारऐवजी पहाटेचा.
मागची बाजू कोरी. मला तेवढीच हवी होती.

आईच्या मशीनवर मधोमध टीप मारली,
एक सुई मोडली, पण वही झाली.
मशीनबद्दल पुढे सांगेन.

प्रत्येक पानावर वाटी ठेवून गोल काढला,
गोलात संत्रं, सोललेलं, वरून दिसतं तसं.
एक दिवस निभला की एक फोड केशरी.
धंतोलीच्या लॅबमध्ये दिवसभर
दुसऱ्यांची नावं बाटल्यांवर चिकटवते मी,
संध्याकाळी आपल्या नावाचंही काही असावं
एवढाच हेतू.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला.
फोडी काढल्या दहा, खऱ्या संत्र्याच्या मोजून.
दिवस निघाले सात.
उरलेल्या तिघींचं काय करायचं कळेना,
ठेवल्या तशाच पांढऱ्या.

जानेवारीत मी फार उत्साहात होते.
अंबाझरीला तीन फेऱ्या. फोड.
विम्याचा हप्ता. फोड.
गुरुवारी नुसतं लिहिलं, 'रडले नाही',
आणि तीही रंगवली.
भेंडीचे देठ शाईत बुडवून
समासात फुलांची रांग उमटवली.
रविवारी तर्री-पोहे खाऊन आले,
आल्यावर ते काम म्हणून लिहिलं
आणि लगेच झालं म्हणून रंगवलं.
स्वतःला असं थोडं फसवलं
की सोमवार जरा हलका जातो.

एकच ओळ हलेना.
'बेबीताईला फोन.'
शनिवारी बाण काढायचा, पुढच्या पानावर ढकलायची.
पुढचं पान, पुढचा बाण,
हिरवा, जांभळा, एकदा तर चमकीचा.
न केलेल्या कामाइतकं सजवलेलं
दुसरं काही नाही या वहीत.

मार्च सरत आला. माळ्यावरून कूलर उतरवला,
नवी खस भरली.
त्याच्या हवेनं पानं उडायला लागली,
म्हणून रात्री वहीवर वरवंटा.
एका रात्री विसरले.
पहाटे डोळा उघडला तर वही आपोआप उलटत होती,
आणि बाण पानागणिक पुढे
चालत चालले होते,
माझी वाट न पाहता.

फोन केलाच नाही.
मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौक,
तिथून कामठीचा ऑटो, मांडीवर वही.
वही का नेली, सांगता येत नाही.

ताईनं दार उघडलं, पाणी दिलं,
पंखा माझ्याकडे वळवला, बोलली नाही.
मग वही ओढून घेतली, टिपेवर बोट फिरवलं.
ओळखली असणार.
आईची मशीन दर विताला एक टाका सोडते.
बाण मोजले तिनं, ओठ हलवत.
"इतक्या डाव माहं नाव लेहलं व तुनं," म्हणाली,
"एक डाव हाक मारली असती त?"

मशीनबद्दल सांगेन म्हणाले होते.
ते राहू दे.

टोपलीत मृगबहराचं शेवटचं संत्रं होतं, जरा सुकलेलं.
तिनं ते वहीवरच सोललं, ताट न घेता.
मी सवयीनं फोडी मोजल्या. अकरा निघाल्या.
सहा तिनं घेतल्या, पाच मला दिल्या.
लहानपणापासून तिला एक जास्तच लागते.

रस सांडून कागद पारदर्शक झाला,
पाठची छापील अक्षरं वर आली,
कुणाचा तरी चुकलेला मुहूर्त, उलटा,
आणि त्यावर माझा मंगळवार.

त्या आठवड्यात पुढे एकही फोड रंगवली नाही.
पान अजून चिकट आहे.
मुंग्या लागतात.